खरीप चाचण्यांचं विश्लेषण आरमध्ये: नवशिक्यांसाठीचं साहित्य शोधताना ठेवलेल्या नोंदी

आमच्या संशोधन केंद्रावर सोयाबीन आणि तुरीच्या चाचण्या असतात. विभागात विश्लेषणासाठी जे विकतचं सॉफ्टवेअर होतं त्याचं लायसन्स संपलं आणि नूतनीकरणासाठी तरतूद नाही. साध्या आरबीडीपुरते (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाईन, म्हणजे चाचणीची नेहमीची मांडणी) ऑनलाइन पर्याय चांगले आहेत. हिस्सारच्या कृषी विद्यापीठाचं ऑपस्टॅट आहे, गोव्याच्या आयसीएआर केंद्राचं वास्प आहे. पण केंद्रावर पावसाळ्यात नेट असतं-नसतं, आणि दोन-तीन वर्षांचा डेटा एकत्र करायचा म्हटलं की रोज कॉपी-पेस्ट करत बसावं लागतं. म्हणून आर हे आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. ते फुकट आहे आणि एकदा बसवलं की नेटशिवाय चालतं.

या नोंदी एम.एस्सी. ॲग्रीच्या मुलांसाठी. आरबीडी, स्प्लिट प्लॉट (मोठ्या प्लॉटचे उपप्लॉट पाडलेली मांडणी), सीडी (दोन सरासरींतला सार्थ ठरणारा किमान फरक), सीव्ही (चाचणीतल्या चढउताराची टक्केवारी) तुम्हाला माहीत आहे, पण प्रोग्रॅमिंगला कधी हात लावलेला नाही, असं धरून लिहिते आहे. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

२१ जून २०२५, शनिवार

माझ्या लॅपटॉपवर आर ४.५.१ बसवलं, आठवडाभरापूर्वीच आलेली आवृत्ती आहे. त्यावर आर स्टुडिओ. क्रम महत्त्वाचा: आधी आर, मग आर स्टुडिओ. आर स्टुडिओ म्हणजे फक्त लिहायची आणि बघायची खिडकी, गणित करणारं आर वेगळं. आर क्रॅन या संकेतस्थळावरून घ्यायचं, आर स्टुडिओ पॉझिट कंपनीच्या. ही कंपनी २०२२ पर्यंत आर स्टुडिओ याच नावाने होती, त्यामुळे जुन्या व्हिडिओत वेगळा पत्ता दिसला तर घाबरू नका.

खर्च शून्य. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोडला वेळ लागला, तेवढंच.

२४ जून, मंगळवार

संगणक कक्षात बसवायला गेले आणि पहिल्याच मशीनवर अडले. कक्षातले निम्मे संगणक विंडोज ७ चे, ३२ बिटचे. आरने ४.२.० पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, विंडोजवर ३२ बिटचा आधार बंद केला आहे. इन्स्टॉलर चालतच नाही. क्रॅनवर जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात, तिथून ४.१.३ घेतली. ३२ बिटवर चालणारी ती शेवटची. आर स्टुडिओची आजची आवृत्ती या मशीनवर बसत नाही, म्हणून आरची स्वतःची साधी खिडकी वापरायची. शिकण्यासाठी ती पुरेशी आहे.

दुपारभर गेली, पण कुठल्या मशीनवर काय चालेल याची यादी दारामागे चिकटवून आले.

२९ जून, रविवार

आज फक्त साहित्य शोधलं. साहित्याला तोटा नाही, उलट फार आहे. आरची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली, म्हणजे पंचवीस वर्षांत लोकांनी लिहिलेलं सगळं एकाच शोधात समोर येतं. त्यातलं कुठलं आज चालतं हे वरून कळत नाही.

महिन्याभरापूर्वी एक विकतचा ऑनलाइन कोर्स घेतला होता, ४९९ रुपयांना. शिकवणं नीट आहे, पण चित्रीकरण जुनं. त्यात सर रीड डॉट सीएसव्हीने फाईल उघडतात, लेव्हल्स विचारतात आणि टी१ ते टी७ अशी यादी पडद्यावर येते. माझ्याकडे तीच फाईल, तीच कमांड, आणि उत्तर नल, म्हणजे काहीच नाही. दोन संध्याकाळी फाईलमध्येच काही बिघडलं असेल म्हणून गेल्या. कारण आज सापडलं. आर ४.० मध्ये, एप्रिल २०२० ला, मजकुराचा कॉलम आपोआप फॅक्टर (गटांच्या नावांचा कॉलम) करण्याची जुनी सवय काढून टाकली. त्याआधीचं कुठलंही शिकवणं तुम्ही आजच्या आरवर करून पाहिलंत तर याच जागी अडणार. उपाय एका ओळीचा: त्या कॉलमला ॲज डॉट फॅक्टर लावायचं.

तेव्हापासून कुठलाही व्हिडिओ किंवा लेख उघडला की आधी तारीख बघते. २०२० च्या आधीचं असेल तर टाकून द्यायचं असं नाही, पण फाईल वाचण्याचा भाग दुसरीकडून शिकायचा.

सगळ्यात विश्वासू साहित्य आरसोबतच येतं. हेल्प मेनूत मॅन्युअल्स आहेत, त्यातलं पहिलं ॲन इंट्रोडक्शन टू आर. शंभरेक पानं. सुरुवातीपासून वाचायला घेतलं तर तिसऱ्या प्रकरणात माणूस सोडून देतो, भाषा कोरडी आहे. पण शेवटी परिशिष्ट ए आहे, नमुना सत्र. नव्या माणसाने तिथूनच सुरू करावं असं मॅन्युअल स्वतःच सांगतं. मी त्या परिशिष्टाची झेरॉक्स काढून प्रत्येक ओळ टाइप केली. समजली नाही तरी टाइप केली. कॉपी-पेस्ट केलं नाही, कारण स्वल्पविराम आणि कंस कुठे चुकतात हे बोटांना कळायला हवं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

पेरण्या सुरू आहेत, आठवडाभर शेतावरच. आज निवांत वेळ मिळाला.

स्वर्ल नावाचं पॅकेज (आरला जोडायचा जादा भाग) बसवलं. हे आरच्या आत बसून आर शिकवतं: प्रश्न विचारतं, तुम्ही कमांड टाइप करायची, चुकली तर इशारा देतं. इंग्रजी सोपं आहे. आर प्रोग्रॅमिंग नावाच्या कोर्समध्ये १५ धडे आहेत. कोर्स एकदा नेटवरून उतरवून घ्यावा लागतो, नंतर नेट लागत नाही. आमच्यासारख्यांना हे फार सोयीचं.

सगळे १५ करू नका. पहिले सहा करा, त्यातला मिसिंग व्हॅल्यूजचा धडा दोनदा. मग थेट लुकिंग ॲट डेटा. त्यात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वनस्पतींच्या माहितीचा तक्ता आहे, ५१६६ ओळी आणि १० कॉलमचा. आपल्या मुलांना तो लगेच जवळचा वाटतो. लॅप्लाय, व्हॅप्लाय, सिम्युलेशन हे धडे सध्या बाजूला ठेवा. चाचणीच्या विश्लेषणात त्यांची गरज पडत नाही, आणि बरीच मुलं नेमकी तिथे कंटाळून थांबतात.

धडा मध्येच सोडायचा असेल तर बाय लिहून कंस उघडून बंद करायचा, प्रगती जपली जाते.

१३ जुलै, रविवार

आज स्वतःचा डेटा घेतला: मागच्या खरिपाची सोयाबीन चाचणी, ७ ट्रीटमेंट (तुलना करायचे उपचार), ३ रेप्लिकेशन (प्रत्येकाच्या पुनरावृत्त्या), २१ प्लॉट. आणि इथेच कळलं की आजवर पाहिलेल्या कुठल्याही साहित्याने नेमका हा भाग शिकवलेला नाही. सगळे तयार डेटावर सुरू होतात. आपला डेटा फील्डबुकात असतो.

अडचण १: मांडणी. फील्डबुकात ट्रीटमेंट खाली-खाली आणि आर१, आर२, आर३ शेजारी-शेजारी. हाताने गणित करायला ही मांडणी उत्तम. आरला मात्र एका प्लॉटची एक ओळ हवी: रेप्लिकेशन, ट्रीटमेंट, उत्पादन. कमांडने उलटवता येतं, पण नवशिक्याने ते करू नये. एक्सेलमध्ये २१ ओळी हाताने भरा, दहा मिनिटांचं काम आहे, आणि प्रत्येक आकडा फील्डबुकाशी ताडूनही होतो.

अडचण २: एक्सेलमधून सेव्ह करणं. साधं सीएसव्ही निवडलं की ट्रीटमेंटची मराठी नावं जाऊन तिथे नुसती प्रश्नचिन्हं उरतात, आणि फाईल बंद केली की ती परत मिळत नाहीत. सीएसव्ही यूटीएफ-८ हा पर्याय निवडायचा. मग दुसरीच गंमत: पहिल्या कॉलमच्या नावाला पुढे नको ती चिन्हं चिकटतात, आणि रेप नावाचा कॉलम आरला सापडत नाही. फाईल वाचताना फाईल एन्कोडिंग यूटीएफ-८-बॉम असं सांगितलं की जातात.

माझ्या लॅपटॉपवर आर ४.५.१ मध्ये देवनागरी नीट दिसतं. विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर आरने ४.२ पासून यूटीएफ-८ आपलंसं केलं आहे. संगणक कक्षातल्या ४.१.३ वर मात्र ‘स’ च्या जागी यू अधिक ०९३८ असे कोड येतात. तिथे काही इलाज नाही. म्हणून ठरवलं: कॉलमची नावं आणि ट्रीटमेंटचे कोड रोमनमध्ये, मराठी नावं फक्त शेवटच्या तक्त्यात.

अडचण ३: फाईलचा पत्ता. विंडोजमधून पत्ता कॉपी केला की उलट्या तिरक्या रेघा येतात, आणि सी ड्राइव्हच्या युझर्स फोल्डरपाशीच आर थांबतं: यूज्ड विदाउट हेक्स डिजिट्स. संदेश वाचून काहीच उमगत नाही. कारण एवढंच की उलटी रेघ आणि यू एकत्र आले की आरला ते एखाद्या अक्षराचा कोड वाटतात. सगळ्या रेघा सुलट्या करा. किंवा फाईल डॉट चूज वापरा, खिडकी उघडते आणि फाईल माऊसने निवडता येते. आमच्या मुलांना मी दुसराच उपाय सांगते.

१९ जुलै, शनिवार

आजचं सगळ्यात महत्त्वाचं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी सोबत बसली होती. तिच्या फाईलवर एओव्ही ही अँनोव्हाची (फरकांच्या विश्लेषणाची) कमांड चालवली, समरी मागितली, तक्ता आला. काही त्रुटीचा संदेश नाही, इशारा नाही. ती पडद्याकडे बघत म्हणाली, “ताई, ट्रीटमेंटा सात आहेत ना? मग डीएफ एक कसा?”

बरोबर होतं तिचं. २१ प्लॉटच्या आरबीडीत एकूण डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, स्वातंत्र्याचे अंश) २०: रेप्लिकेशन २, ट्रीटमेंट ६, एरर १२. पडद्यावर होतं रेप्लिकेशन १, ट्रीटमेंट १, एरर १८.

तिने ट्रीटमेंट १ ते ७ अशा आकड्यांत भरल्या होत्या, फील्डबुकात असतात तशाच. आरला ते आकडेच वाटले. सातवी ट्रीटमेंट पहिलीच्या सातपट आहे असं धरून त्याने एक सरळ रेषा बसवली. नत्राच्या वाढत्या मात्रा असत्या तर त्याला काही अर्थ तरी होता. इथे तर पहिली म्हणजे नियंत्रण, दुसरी शेणखत, तिसरी जिवाणू संवर्धक. फरक सार्थ आहे की नाही हे सांगणारी एफची किंमत आली, पी आली, चांदण्या आल्या, आणि सगळं चुकीचं.

दोन्ही कॉलमना ॲज डॉट फॅक्टर लावलं, पुन्हा चालवलं. २, ६, १२. एरर एमएस (एररच्या वर्गांची बेरीज भागिले त्याचे डीएफ) २१६००. मग सीडी हाताने काढून बघितली: एसईडी (दोन सरासरींतल्या फरकाची प्रमाण त्रुटी) म्हणजे दोन गुणिले २१६०० भागिले ३ याचं वर्गमूळ, १२०. बारा डीएफला पाच टक्क्यांवर टी २.१७९. सीडी २६१.५ किलो प्रति हेक्टर. विभागाच्या जुन्या निकालाच्या कागदाशी जुळली.

यावर उपाय म्हणून ट्रीटमेंट नेहमी टी१, टी२ आणि रेप्लिकेशन आर१, आर२ असंच भरायचं ठरलं. अक्षर असलं की आर त्याला आकडा समजूच शकत नाही. आणि निकाल वाचताना सगळ्यात आधी डीएफचा कॉलम. एफ आणि पी नंतर. डीएफ कागदावर आधी लिहून ठेवा आणि मगच कमांड चालवा. पदवीच्या प्रॅक्टिकलला अँनोव्हाचे तक्ते हाताने करून घेतात ते किती कामाचं आहे हे आज त्या मुलीने दाखवून दिलं. तिने एकाही कमांडचं पाठांतर केलेलं नव्हतं.

२० जुलै, रविवार

कालच्या प्रकारानंतर एक नियम केला. कुठल्याही साहित्यातून नवी पद्धत घेतली की ती आधी उत्तर माहीत असलेल्या डेटावर चालवायची, मग आपल्या.

असा डेटा आरच्या आतच आहे, आणि तोही शेतीचा. एनपीके या नावाने वाटाण्यावरचा नत्र-स्फुरद-पालाशचा जुना प्रयोग आहे: ६ ब्लॉक, २४ प्लॉट. प्रश्नचिन्ह लिहून पुढे एनपीके टाइप करा, मदतीचं पान उघडतं, आणि तळाशी उदाहरणं असतात. ती तशीच चालवा. ब्लॉकचे डीएफ ५, एररचे १२, नत्राची एफ १२.२६, पी ०.००४. तिन्ही खतांची एकत्रित आंतरक्रिया तक्त्यात दिसत नाही, कारण ती ब्लॉकमध्ये कन्फाउंड केलेली, म्हणजे ब्लॉकच्या फरकात मिसळलेली आहे. कन्फाउंडिंग वर्गात शिकलो तेव्हा डोक्यावरून गेलं होतं, इथे ती ओळच गायब झालेली बघितल्यावर उमगलं.

मदतीची पानं वाचायची पद्धत: वरून वाचू नका. थेट तळाशी जा, उदाहरण चालवा, मग वर येऊन ज्या शब्दाचा अर्थ लागला नाही तेवढाच शोधा.

इन्सेक्ट स्प्रेज हाही डेटा आत आहे, सहा फवारण्या आणि किडींची संख्या, ७२ ओळी. कीटकशास्त्राच्या मुलांनी त्यावर सराव करावा. मोजलेल्या संख्यांना वर्गमूळ रूपांतर का लागतं तेही त्यावर करून बघता येतं.

२ ऑगस्ट, शनिवार

दोन भारतीय साहित्यांबद्दल, दोन्ही फुकट.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल. छोटे छोटे व्हिडिओ, एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला आपलं आर, थांबवत थांबवत करायचं. व्हिडिओ उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येतात, कक्षात नेट नसलं तरी चालतात. सरावाच्या फाईली सोबत मिळतात, त्या विसरू नका, नाहीतर तिसऱ्या मिनिटाला अडाल.

दुसरा आयआयटी कानपूरच्या प्रा. शलभ यांचा एनपीटेलवरचा आर सॉफ्टवेअरचा प्राथमिक कोर्स. सर फार शांतपणे शिकवतात, सुरुवातीची बेरीज-वजाबाकीसुद्धा घाई न करता. ज्याला वर्गातल्यासारखं शिकायला आवडतं त्याने हा घ्यावा. बघणं फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर फी.

दोन्हींत शेतीचे डिझाईन फारसे नाहीत. ते अपेक्षितही नाही. हात बसवायला हे, आणि डिझाईनसाठी पुढे लिहिलेलं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: हात बसेपर्यंत एका वेळी एकच साहित्य. मुलं एका व्हिडिओतून डॉलरचं चिन्ह शिकतात, दुसऱ्यातून पाईप, तिसऱ्यातून अटॅच, आणि तिन्ही एकाच फाईलमध्ये मिसळतात. मग बिघडलं कुठे ते कोणालाच सांगता येत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

तुरीच्या चाचणीत रानडुकरांनी तिसऱ्या रेप्लिकेशनमधला टी५ चा प्लॉट साफ केला होता. हीसुद्धा ७ गुणिले ३ चीच आरबीडी. आपल्याकडे हे दरवर्षी कुठे ना कुठे होतं, आणि नवशिक्यांच्या साहित्यात याचा उल्लेख नसतो.

आधी काय करायचं नाही: तिथे शून्य भरू नका. रिकामं ठेवा किंवा एनए लिहा. शून्य म्हणजे उत्पादन शून्य आलं.

एनए ठेवून चालवलं. एररचे डीएफ १२ चे ११ झाले, म्हणजे आरने एक प्लॉट नाही हे आपणहून धरलं. मग हाताने मिसिंग प्लॉटच्या सूत्राने तो आकडा काढला, भरला, जुन्या पद्धतीने गणित केलं. एरर एसएस (वर्गांची बेरीज) दोन्हीकडे तंतोतंत एक. ट्रीटमेंटचा एसएस मात्र सूत्राच्या पद्धतीत थोडा जास्त येतो. तेच येणार, पुस्तकांत त्यासाठी वेगळी दुरुस्ती दिलेली असते. आरमध्ये ती वेगळी करावी लागत नाही, पण एका अटीवर: कमांडमध्ये रेप्लिकेशन आधी आणि ट्रीटमेंट नंतर लिहायला हवी.

क्रम उलटा केला तर ट्रीटमेंटचा एसएस बदलतो. एओव्ही हा एकामागून एक हिशेब करतो. सगळे प्लॉट जागेवर असताना क्रमाने काही फरक पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. एक प्लॉट गेला की पडतो. मी मुद्दाम दोन्ही क्रमांनी चालवून तक्ते शेजारी-शेजारी छापले आणि कक्षात लावले.

सरासरीचंही तसंच. टी५ ची साधी सरासरी उरलेल्या दोन प्लॉटांची येते. तिसरं रेप्लिकेशन हलक्या जमिनीत होतं, त्यामुळे टी५ विनाकारण वर जातो. ईएममीन्स पॅकेज दुरुस्त सरासरी देतं. ती सूत्राने भरलेल्या आकड्यावरून काढलेल्या सरासरीशी जुळली. अहवालात हीच द्यायची.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीच्या सुट्टीत स्प्लिट प्लॉट. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त साहित्य इथे निकामी ठरलं.

आमची चाचणी: मुख्य प्लॉटमध्ये पेरणीच्या ३ तारखा, उपप्लॉटमध्ये खताच्या ४ मात्रा, ३ रेप्लिकेशन, ३६ प्लॉट. कागदावर डीएफ आधी लिहिले: रेप्लिकेशन २, तारीख २, एरर ए ४, खत ३, आंतरक्रिया ६, एरर बी १८. एकूण ३५.

नेटवर सापडलेल्या एका व्हिडिओत स्प्लिट प्लॉट म्हणून जे दाखवलं होतं त्यात एररची एकच ओळ होती, २२ डीएफची. म्हणजे दोन्ही एरर एकत्र केलेले. मांडणी सुबक, आवाज स्पष्ट, आणि पद्धत चुकीची.

याने काय बिघडतं ते बघायला मास पॅकेजमधला ओट्स हा डेटा घेतला. मास आरसोबतच येतं, वेगळं उतरवावं लागत नाही. इंग्लंडमधल्या ओटच्या जुन्या चाचणीचा हा डेटा फ्रँक येट्स यांनी १९३५ मध्ये वापरला होता: ६ ब्लॉक, मुख्य प्लॉटमध्ये ३ वाण, उपप्लॉटमध्ये नत्राच्या ४ मात्रा, ७२ प्लॉट. बरोबर पद्धत म्हणजे कमांडमध्ये एरर हा भाग जोडून कंसात ब्लॉक, तिरकी रेघ, वाण. मग वाणांची तुलना १० डीएफच्या त्यांच्या स्वतःच्या एररशी होते: एफ १.४९, पी ०.२७. वाणांत फरक सिद्ध होत नाही. आता तो भाग काढून व्हिडिओतल्यासारखं चालवा. एकच एरर, ५५ डीएफ, वाणांची एफ ३.५१ वर जाते आणि पी ०.०३७ वर येते. त्याच ७२ आकड्यांवर वाण ‘सार्थ’ ठरले.

प्रबंधात हे गेलं तर वाणाची शिफारस त्यावर उभी राहते, आणि शेतकरी बियाणं त्या शिफारशीवर घेतो. म्हणून स्प्लिट प्लॉट शिकवणारं कुठलंही साहित्य हाती आलं की पहिली परीक्षा हीच: त्यात एररच्या ओळी किती आहेत? एक असेल तर बंद करा.

आमची चाचणी बरोबर पद्धतीने चालवली. ४ आणि १८. जुळलं.

ॲग्रिकोली पॅकेजमध्ये स्प्लिट प्लॉटची तयार कमांड आहे, दोन्ही एरर आणि दोन्ही सीव्ही देते. केरळ कृषी विद्यापीठातून आलेलं ग्रेप्स ॲग्री वन हे पॅकेजही चांगलं आहे, माऊसने चालतं, खिडकीत फाईल टाकली की तक्ता. मी ते मुलांना आरबीडीसारख्या साध्या डिझाईनच्या पडताळणीसाठी वापरायला सांगते: स्वतः कमांड लिहून तक्ता काढा, मग तिथे टाकून ताडा.

आमच्याकडचे प्रबंध अजूनही पानसे आणि सुखात्मे यांचा हवाला देतात. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी ही गणितं शेतीच्या माणसांना हाताने करता येतील अशी मांडून दिली. आरमध्ये काम केलं तरी पद्धत तीच राहते, मात्र सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती प्रबंधात लिहायला हवी. सायटेशन ही कमांड दिली की उल्लेख कसा करायचा ते आर स्वतः सांगतं.

१४ सप्टेंबर, रविवार

आलेख. इथे मी पहिल्यांदा आर फॉर डेटा सायन्स उघडलं. नेटवर पूर्ण फुकट वाचता येतं, दुसरी आवृत्ती २०२३ ची आहे, तीच घ्या. पहिलंच प्रकरण आलेखांचं, पेंग्विनच्या मोजमापांवर. जीजीप्लॉट हे आलेखांचं पॅकेज त्यातून दोन दिवसांत हाती आलं आणि सोयाबीनच्या उत्पादनाचे स्तंभ एसईच्या (प्रमाण त्रुटीच्या) रेघांसकट निघाले.

हे पुस्तक आधी का नाही घेतलं? कारण त्यात अँनोव्हा नाही. डेटा नीट करणं आणि दाखवणं हा त्याचा विषय आहे आणि त्यात ते उत्तम आहे. पण आपल्या मुलांना आधी अँनोव्हाचा तक्ता हवा असतो. पुस्तक चांगलं असूनही पहिल्या महिन्यात त्यांना ते उपयोगाचं वाटत नाही, आणि आरच आपल्या कामाचं नाही असा समज होतो. एकदा तक्ता जमला की हे पुस्तक जरूर घ्या.

२१ सप्टेंबर, रविवार

संगणक कक्षातल्या जुन्या मशीनवर ॲग्रिकोली बसवलं. नेट नव्हतं, म्हणून लॅपटॉपवरून पॅकेजची झिप फाईल पेन ड्राइव्हवर नेली. ती ४.५ साठी बांधलेली, ४.१.३ वर चालली नाही. ४.१ साठीची झिप क्रॅनच्या जुन्या फोल्डरमधून घेतली, तर त्याला लागणारी बाकीची पॅकेजं एकेक करून मागायला लागलं. एक दिलं की दुसरं. सकाळ गेली.

शेवटी हॉटस्पॉट जोडून एकाच जुन्या मशीनवर सगळं नेटवरून बसवलं आणि त्या मशीनचं लायब्ररी नावाचं पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हने बाकीच्या मशीनवर टाकलं. सगळीकडे तीच आवृत्ती आणि तेच ३२ बिट असल्यामुळे चाललं. मोबाईलच्या डेटाचं एक जादा पॅक लागलं, बाकी खर्च नाही.

आता प्रत्येक मशीनच्या डी ड्राइव्हवर एक फोल्डर आहे. त्यात सोयाबीनची २१ ओळींची फाईल, तुरीची एनए असलेली फाईल, स्प्लिट प्लॉटची ३६ ओळींची फाईल, तिन्हींच्या कमांड आणि हाताने सोडवलेल्या तक्त्यांची स्कॅन पानं. स्पोकन ट्युटोरियलचे व्हिडिओ शेजारच्या फोल्डरमध्ये. डीएफ विचारणाऱ्या त्या मुलीने प्रत्येक कमांडच्या वर मराठीत एका ओळीची टीप लिहून दिली आहे. तिची टिपांची फाईल ४.१.३ वर उघडत नाही, म्हणून ती नोटपॅडमध्ये वेगळी ठेवली आहे आणि छापील प्रत कपाटात आहे.

सोयाबीनची काढणी आता तोंडावर आहे. राहिलेलं काम: तीन वर्षांच्या सोयाबीन चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण. त्यासाठी आधी तिन्ही वर्षांच्या एरर व्हेरियन्सची एकसारखेपणाची चाचणी करायची आहे, बार्टलेटची. ती कमांड आरमध्ये आहे, मदतीच्या पानावरचं उदाहरण इन्सेक्ट स्प्रेजवरचंच आहे.